मिलजाँग

मिलजाँग : जपानी अमलाखालील कोरियात १९२० नंतरच्या दशकात झालेल्या सशस्त्र प्रतिकारावर आधारलेला कोरियन बोलपट. ‘मिलजाँग’ ह्या शब्दाचा अर्थ गुप्तहेर किंवा खबऱ्या असा असून त्यास फितुरीची छटा आहे. किम जी-वून (१९६४– ) हा ह्या चित्रपटाचा दिग्दर्शक. व्हेनिसच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात स्पर्धेबाहेरील विभागात दाखविल्यानंतर ७ सप्टेंबर २०१६ रोजी तो दक्षिण कोरियात प्रदर्शित झाला. तेथे सु. ७५ लाख प्रेक्षकांनी तो पाहिला. परभाषीय चित्रपटांसाठी असलेल्या ऑस्कर पारितोषिकाकरिता त्या वर्षी दक्षिण कोरियाने हाच चित्रपट पाठविला होता; मात्र अंतिम नामांकनात त्याचा समावेश झाला नाही. कोरियाबाहेर तो ‘द एज ऑफ शॅडोज’ ह्या नावाने ओळखला जातो.

१९२३ साली गाजलेले ह्वांग ओक प्रकरण हा चित्रपटाचा ऐतिहासिक आधार होय. जपानी पोलीसदलातील ह्वांग ओक हा कोरियन अधिकारी क्रांतिकारकांना मनापासून सामील झाला होता, की त्यांना पकडण्याच्या हेतूने त्यांच्यात वावरत होता, ह्या प्रश्नाचा निर्णायक उलगडा त्या वेळी झाला नाही व पुढेही झालेला नाही. इतिहासाने अनिर्णित ठेवलेल्या ह्या प्रश्नाचे उत्तर चित्रपटाने कल्पनेच्या साहाय्याने दिले आहे. त्यामुळे कोरियाच्या स्वातंत्र्यलढ्याबरोबरच, परकीय सत्तेच्या दप्तरातून लिहिल्या जाणाऱ्या इतिहासाच्या मर्यादा समजून घेण्याच्या दृष्टीनेही त्याचा अभ्यास उद्‌बोधक ठरतो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : रशिया-जपान युद्धातील (१९०४–०५) विजयानंतर जपानने नोव्हेंबर १९०५ च्या तहान्वये कोरियाचे परराष्ट्रव्यवहार आपल्या हाती घेतले आणि त्या देशास संरक्षित राज्याचा दर्जा दिला. ह्या धोरणाचा प्रमुख सूत्रधार व कोरियातील पहिला जपानी रेसिडेंट-जनरल इतो हिरोबुमी ह्याचा २६ ऑक्टोबर १९०९ रोजी हार्बिन येथील रेल्वेस्थानकावर आन जुंग-गुन ह्या कोरियन देशभक्ताने वध केला. त्याला पुढील वर्षी मार्चमध्ये पोर्ट आर्थर येथे फाशी देण्यात आले. २२ ऑगस्ट १९१० रोजी सामिलीकरणाच्या करारावर सह्या झाल्या व २९ ऑगस्टला तो जाहीर होऊन कोरियाचे स्वतंत्र अस्तित्व संपुष्टात आले.

पहिला गव्हर्नर-जनरल तेराउची मासाताके ह्याची कारकीर्द लष्करी स्वरूपाची होती. मुलकी पोलिसांचे काम लष्करी पोलिसांच्या हाती होते. सभा, संस्था व वृत्तपत्रे ह्यांवर कडक बंधने होती. शाळांतील शिक्षकही गणवेश घालून व कमरेला तलवार लावून वर्गात येत. ह्या दडपशाहीविरुद्धचा असंतोष १ मार्च १९१९ रोजी प्रकट झाला. ३३ पुढाऱ्यांच्या सह्यांचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा त्या दिवशी सोल येथे वाचण्यात आला आणि देशभर निःशस्त्र मिरवणुका निघाल्या. सरकारने गोळीबार, अटका व फटके ह्यांचा अवलंब करून हे आंदोलन मोडून काढले. तथापि त्याचे दोन दूरगामी परिणाम झाले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये शांघाय येथे कोरियाचे हंगामी सरकार स्थापन झाले. तसेच निःशस्त्र मार्गाने स्वातंत्र्य मिळणार नाही, असे मानणाऱ्या तरुणांचा एक वर्ग मँचुरियात व चीनमध्ये उदयास आला.

ऑगस्ट १९१९ मध्ये सैतो माकोतो ह्याची गव्हर्नर-जनरलपदी नेमणूक झाली. २ सप्टेंबर रोजी तो सोल येथे उतरला, त्या वेळी कांग उ-ग्यू ह्या वृद्ध क्रांतिकारकाने त्याच्यावर बाँब टाकला. सैतो बचावला. त्याने ‘सांस्कृतिक शासना’चे धोरण जाहीर करून लष्करी पोलिसांच्या जागी मुलकी पोलीस आणले, शिक्षकांच्या तलवारी काढून घेतल्या व १९२० मध्ये ‘तोंग-आ इल्बो’ आणि ‘चोसाँन इल्बो’ ह्या कोरियन वृत्तपत्रांना परवानगी दिली. परंतु ह्याच काळात पोलीसदलाचे संख्याबळ वाढून सु. २०,००० पर्यंत गेले व ठाण्यांचे जाळे खेडोपाडी पसरले. उघड बळाचा वापर जसजसा कमी झाला, तसतशी बातमीदार व हेर ह्यांवर राज्यकर्त्यांची भिस्त वाढत गेली. ‘मिलजाँग’ चित्रपटातील जग ह्या बदलत्या राज्यपद्धतीतून निर्माण झालेले आहे.

उइयॉलदान : चित्रपटात ज्या गुप्त संघटनेचे चित्रण आहे, ती उइयॉलदान ही होय. ‘न्याय व शौर्य ह्यांसाठी झटणारे मंडळ’ असा तिच्या नावाचा आशय सांगता येईल. नोव्हेंबर १९१९ मध्ये मँचुरियातील जीलिन येथे १३ तरुणांनी ती स्थापन केली. मिर्यांग गावचा किम वॉन-बोंग (जन्म १८९८) हा तिचा प्रमुख होता. सैन्य उभारण्याइतके मनुष्यबळ व द्रव्यबळ जवळ नसल्यामुळे निवडक अधिकाऱ्यांचा वध आणि जुलमाची प्रतीके ठरलेल्या इमारतींचा विध्वंस हा मार्ग ह्या संघटनेने पत्करला. तिच्या लक्ष्यांच्या यादीत गव्हर्नर-जनरल व उच्चाधिकारी, लष्करातील वरिष्ठ, तैवानचा गव्हर्नर-जनरल, देशद्रोही, जपानधार्जिणे पुढारी आणि जनतेस पिळणारे गावोगावचे धनिक ह्यांच्या जोडीला शत्रूचे हेर असा एक स्वतंत्र वर्ग होता. हेरांची भीती संघटनेस प्रथमपासूनच किती वाटत होती, हे ह्यावरून स्पष्ट होते.

संघटनेच्या सभासदांनी पुढील काही वर्षांत अनेक हल्ले केले. सप्टेंबर १९२० मध्ये पाक जे-ह्यॉक ह्याने पुसान येथील पोलीस ठाण्यावर, तर त्याच वर्षाच्या अखेरीस चे सू-बोंग ह्याने मिर्यांगच्या ठाण्यावर बाँब टाकला. १२ सप्टेंबर १९२१ रोजी किम इक-सांग ह्याने वीजदुरुस्ती करणाऱ्या कामगाराच्या वेषात सोल येथील गव्हर्नर-जनरलच्या कचेरीत शिरून बाँबफेक केली व तो सुखरूप निसटला. मार्च १९२२ मध्ये शांघायच्या धक्क्यावर जपानी सेनानी तानाका गिइची ह्याच्यावर तिघांनी हल्ला केला. परंतु तानाका वाचला आणि एक निरपराध परदेशी स्त्री मृत्युमुखी पडली. ह्या घटनेमुळे शांघायमधील परकीयांत संघटनेविषयी प्रतिकूल मत झाले. अशा हल्ल्यांचे समर्थन करणारी तात्त्विक भूमिका मांडण्याची निकड त्यामुळे अधिकच भासू लागली. इतिहासकार व पत्रकार शिन चे-हो (१८८०–१९३६) ह्याने किम वॉन-बोंगच्या विनंतीवरून जानेवारी १९२३ मध्ये ‘कोरियन क्रांतीचा जाहीरनामा’ लिहून ती पूर्ण केली. स्वायत्ततेची मागणी, परराष्ट्रांकडे केलेले अर्जविनंत्यांचे राजकारण व केवळ पूर्वतयारीत वेळ घालविण्याचे धोरण ह्या तिन्हींवर टीका करून जनतेने स्वतः केलेली प्रत्यक्ष क्रांती हाच एकमेव मार्ग होय, असे त्यात प्रतिपादिले आहे.

त्याच महिन्यात सोलमध्ये घडलेल्या एका घटनेने पोलीसयंत्रणा हादरली. १२ जानेवारी १९२३ रोजी जोंगनो पोलीस ठाण्यावर बाँब पडला. किम सांग-ओक ह्या क्रांतिकारकावर संशय येऊन त्याचा कसून शोध सुरू झाला. २२ जानेवारीस त्याचे आश्रयस्थान शेकडो पोलिसांनी वेढले, तेव्हा छपरांवरून व घराघरांतून एकाकी झुंज देऊन अखेरीस त्याने स्वतःवरच गोळी झाडून घेतली. ‘मिलजाँग’च्या आरंभीचे पाठलागाचे दृश्य ह्याच घटनेवर बेतलेले आहे.

ह्वांग ओक प्रकरण : ह्वांग ओक हा क्याँगी प्रांताच्या पोलीस खात्यात अधिकारी होता. कोरियन माणसाला त्या खात्यात जेवढे वर चढता येई, त्या मानाने त्याचा हुद्दा मोठा होता. राजकीय गुन्ह्यांचा तपास करणाऱ्या अशा कोरियन अधिकाऱ्यांवर जपानी सत्तेचा फार मोठा भार होता. कारण भाषा, नातीगोती व गावकी ह्यांची माहिती जपानी अधिकाऱ्यांना नसे. ह्याच कारणामुळे क्रांतिकारकांशी बोलणी करण्याचे निमित्तही अशा अधिकाऱ्यांना सहज मिळे. अधिकारी बातमी काढावयास गेला आहे की देण्यास, हे त्याच्या वरिष्ठांना नेमके कळणे कठीण होते.

संघटनेच्या वतीने ह्वांगशी संधान बांधणारा किम शी-ह्यॉन (१८८३–१९६६) हा जपानमधील मेजी विद्यापीठात कायद्याचे शिक्षण घेतलेला, वयाने प्रौढ असा कार्यकर्ता होता. जोंगनो प्रकरणाच्या तपासाचे निमित्त ह्वांगला मिळाले आणि १९२३ च्या आरंभी तो चीनमध्ये गेला. तिएन्जिन येथे त्याची व किम वॉन-बोंगची भेट झाली. सोलमधील सरकारी इमारतींवर एकाच वेळी हल्ले करण्याची मोठी योजना संघटनेने आखली होती. त्यासाठी शांघायमध्ये विध्वंस, जाळपोळ व व्यक्तिवध अशा तीन वेगवेगळ्या कामांकरिता तीन प्रकारचे बाँब तयार करण्यात आले. ‘माज्यार’ ह्या नावाने ओळखला जाणारा एक हंगेरियन तज्ञ ह्या कामी संघटनेस साहाय्य करीत होता, असे संघटनेशी संबंधित असलेल्यांच्या कथनांवरून दिसते.

तीसहून अधिक बाँब, पिस्तुले व काडतुसे असा हा साठा तिएन्जिनहून यालू नदीकाठच्या आनतुंग (आताचे दानदोंग) येथे आणण्यात आला. आनतुंग हे चीन व कोरिया ह्यांच्या सरहद्दीवरील रेल्वेचे ठाणे असून क्रांतिकारकांच्या ये-जा करण्याचे ते प्रमुख द्वार होते. जॉर्ज शॉ ह्या आयरिश वंशाच्या व्यापाऱ्याने तेथील आपल्या पेढीतून हंगामी सरकारच्या दूतांना पूर्वी मदत केली होती व त्यामुळे १९२० मध्ये त्याला अटकही झाली होती. यालूवरील पूल ओलांडताना होणारी झडती हा सर्वांत कठीण टप्पा होता. पोलीस अधिकारी बरोबर असल्यास तो सुकर होणार, हे उघड होते. मार्च १९२३ मध्ये साठ्याचा काही भाग सीमा ओलांडून कोरियात पोहोचला. बाँबबरोबर शिन चे-होच्या जाहीरनाम्याच्या प्रती आणि गव्हर्नर-जनरलच्या सेवेतील कोरियन नोकरांना उद्देशून काढलेली पत्रकेही होती. परक्यांची चाकरी सोडून देण्याचे आवाहन त्या पत्रकांत होते. ती कोरियात नेण्याच्या कामी अशीच चाकरी करणाऱ्या एका अधिकाऱ्याचा हातभार लागला होता.

योजना अमलात येण्यापूर्वीच फुटली. मार्चच्या मध्यास सोल व सरहद्दीवरील ठाण्यांत धरपकड होऊन बहुतेक साठा पोलिसांच्या हाती लागला. किम शी-ह्यॉन व ह्वांग ओक हे दोघेही पकडले गेले. पोलीस अधिकारीच आरोपी असल्याने खटल्यास विलक्षण प्रसिद्धी मिळाली. आपण वरिष्ठांच्या संमतीनेच संघटनेत शिरलो होतो, सर्व टोळी एकदम हाती यावी ह्यासाठी बाँब येऊ दिले व अधिकारी ह्या नात्याने आपले कर्तव्यच बजाविले, असा बचाव ह्वांगने न्यायालयात केला. न्यायालयाने तो मानला नाही. ऑगस्ट १९२३ मध्ये किम शी-ह्यॉन व ह्वांग ओक ह्या दोघांनाही प्रत्येकी दहा वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली.

ह्या प्रकरणाचा दोन्ही बाजूंनी अर्थ लावता येतो. ह्वांगचे निवेदन खरे मानल्यास तो सरकारचा इमानी नोकर होता आणि प्रकरण अंगाशी येताच वरिष्ठांनी त्याला वाऱ्यावर सोडले, असे म्हणावे लागते. ते खोटे मानल्यास तो गुप्तपणे देशकार्य करीत होता आणि शिक्षा टाळण्यासाठी त्याने उपलब्ध असलेला एकमेव बचाव पुढे केला, असा निष्कर्ष निघतो. अशा खटल्यात सापडलेला कोणताही पोलीस अधिकारी, त्याचे अंतःकरण कोणत्याही बाजूस असले तरी, हेच बोलला असता. म्हणून त्या निवेदनावरून त्याच्या निष्ठेविषयी काहीच सिद्ध होत नाही. बाँब सीमेपार आले, ही गोष्ट त्याच्या बाजूने सांगता येते. ते फुटण्याआधी पकडले गेले, ही त्याच्या विरुद्ध. परिस्थितीचा पालट पाहून माणसाचे मन मध्येच बदलले असण्याची तिसरी शक्यताही नाकारता येत नाही. ह्या प्रकरणाची बहुतेक कागदपत्रे पोलीस व न्यायालय ह्यांनी तयार केलेली आहेत. त्यांत आरोपीची कृत्ये नोंदली गेली. त्याच्या मनाचा ठाव घेण्यास मात्र ती असमर्थ आहेत.

कथानक : चित्रपटातील ई जाँग-चूल हा पूर्वी शांघायमधील हंगामी सरकारासाठी दुभाषाचे काम करणारा व आता जपानी पोलिसांत अधिकारी झालेला कोरियन गृहस्थ आहे. आपल्या जुन्या सहकाऱ्याचा मृत्यू त्याला डोळ्यांदेखत पाहावा लागतो. त्यानंतर हिगाशी हा वरिष्ठ त्याला प्रतिकारसंघटनेत शिरकाव करून घेण्याची आज्ञा देतो आणि त्याच्यावर लक्ष ठेवण्यासाठी हाशिमोतो हा निष्ठुर सहकारी त्याच्या जोडीस देतो. ई जाँग-चूल हा संघटनेच्या सोलमधील शाखेचा प्रमुख किम ऊ-जिन ह्याच्याशी मैत्री वाढवितो. दोघेही परस्परांचे अंतरंग ओळखून असतात, तरीही मैत्रीचा देखावा चालू ठेवतात. शांघाय येथे संघटनेचा नेता जाँग चे-सान हा ई जाँग-चूलला प्रत्यक्ष भेटतो आणि त्याच्या देशप्रेमालाच आवाहन करतो. ह्या भेटीनंतर ई जाँग-चूलचे मन डळमळू लागते.

शांघायहून सोलकडे जाणाऱ्या आगगाडीतील दीर्घ प्रसंग हा चित्रपटाचा कळस होय. एकाच गाडीत बाँब घेऊन निघालेले क्रांतिकारक, त्यांचा शोध घेणारा हाशिमोतो, दोहोंमध्ये सापडलेला ई जाँग-चूल आणि क्रांतिकारकांतच लपलेला एक फितूर असे सर्वजण एकत्र येतात. फितूर कोण हे शोधण्यासाठी किम ऊ-जिन आपल्या सहकाऱ्यांना निरनिराळी माहिती देतो आणि त्यांपैकी कोणती पोलिसांपर्यंत पोहोचते, हे पाहतो. सोल स्थानकावरील चकमकीनंतर बहुतेक सर्व पकडले जातात. ई जाँग-चूलवरही खटला भरला जातो. तो न्यायालयात आपण निष्ठावंत पोलीस अधिकारी असल्याचे ठासून सांगतो व सुटतो. त्यानंतर उरलेले बाँब वापरून तो जपानी अधिकाऱ्यांच्या मेजवानीचा समारंभ उडवून देतो. मॉरिस राव्हेल ह्या फ्रेंच संगीतकाराच्या ‘बोलेरो’ ह्या रचनेचा येथे पार्श्वसंगीत म्हणून उपयोग केला आहे. एक तरुण सायकलवरून बाँब घेऊन गव्हर्नर-जनरलच्या कचेरीकडे निघतो, ह्या दृश्याने चित्रपट संपतो. सोंग कांग-हो (ई जाँग-चूल), गोंग यू (किम ऊ-जिन), हान जी-मिन (संघटनेतील कार्यकर्ती यॉन ग्ये-सून), ऑम ते-गू (हाशिमोतो) व ई ब्याँग-हॉन (जाँग चे-सान) ह्यांच्या त्यात प्रमुख भूमिका आहेत.

इतिहास व पटकथा : ई जाँग-चूल, किम ऊ-जिन आणि जाँग चे-सान ही पात्रे अनुक्रमे ह्वांग ओक, किम शी-ह्यॉन व किम वॉन-बोंग ह्यांच्यावरून घेतलेली आहेत. नावे बदलल्यामुळे पटकथाकारांना घटनांची फेरमांडणी करण्याचे स्वातंत्र्य मिळाले. प्रत्यक्षातील प्रवासाचे अनेक टप्पे व यालूचा पूल ह्यांच्या जागी एक सलग आगगाडी आली. मेजवानीतील स्फोट पूर्णपणे काल्पनिक आहे; १९२३ चा कट एकही बाँब न फुटता उधळला गेला होता.

ह्याहून महत्त्वाचा फरक न्यायालयाच्या प्रसंगात आढळतो. ह्वांग ओकला दहा वर्षांची शिक्षा झाली. ई जाँग-चूल सुटतो. ह्वांगचे ‘आपण कर्तव्य बजाविले’ हे निवेदन त्याच्या देशभक्तीविषयी संशय घेणाऱ्यांचा मुख्य आधार ठरले आहे. चित्रपटात तेच निवेदन नायकाने शत्रूला चकविण्यासाठी धारण केलेला मुखवटा ठरते. निवेदनाचा आशय तोच राहतो; परंतु त्याच्या आधीची शांघायमधील भेट व नंतरचा स्फोट प्रेक्षकांनी पाहिलेला असल्यामुळे त्याचा अर्थ निश्चित होतो. ऐतिहासिक ह्वांगच्या बाबतीत असा आधीचा व नंतरचा पुरावा कोणाजवळही नाही. चित्रपटाने इतिहासात भर घातली ती नेमकी येथे, आणि इतिहास म्हणून त्यावर विसंबून राहता येत नाही तेही येथेच.

उत्तरकाल : ऑगस्ट १९४५ मध्ये जपानच्या शरणागतीनंतर कोरिया मुक्त झाला, परंतु त्याची दक्षिण व उत्तर अशी विभागणी झाली. दक्षिणेत अमेरिकन लष्करी प्रशासनाने जुन्या पोलीसदलातील अनेकांना कामावर कायम ठेवले. किम वॉन-बोंग मध्यंतरी चीनमधील व्हँपोआ लष्करी अकादमीत शिकला होता, १९३८ मध्ये त्याने हान्कौ येथे कोरियन स्वयंसेवक दल उभारले होते व पुढे तो हंगामी सरकारच्या मुक्तिसेनेचा उपसेनापती झाला होता. १९४७ मध्ये सोल येथे त्याला अटक झाली, ती नो डॉक-सूल ह्या वसाहतकाळातील कुप्रसिद्ध पोलीस अधिकाऱ्याच्या हातून. १९४८ मध्ये किम उत्तरेस गेला, तेथे मंत्रिपदावर राहिला आणि १९५८ च्या सुमारास सत्तेतून दूर केला गेला. त्यानंतर त्याचे नाव उत्तर कोरियाच्या सार्वजनिक जीवनातून नाहीसे झाले.

जपान्यांशी सहकार्य करणाऱ्यांची चौकशी करण्यासाठी सप्टेंबर १९४८ मध्ये दक्षिण कोरियात एक कायदा करण्यात येऊन त्यान्वये विशेष समिती नेमण्यात आली. कांग उ-ग्यूला पकडणारा पोलीस अधिकारी किम ते-सॉक ह्याच्यावरील खटल्यात १९४९ मध्ये ह्वांग ओकनेही साक्ष दिली. परंतु ६ जून १९४९ रोजी पोलिसांनीच समितीच्या कचेरीवर छापा घातला आणि तिचे काम लवकरच गुंडाळले गेले. कोरियन युद्धाच्या (१९५०–५३) काळात ह्वांगला उत्तरेस नेण्यात आले. किम शी-ह्यॉन ह्याने जून १९५२ मध्ये राष्ट्राध्यक्ष सिंगमन ऱ्ही ह्याच्या हत्येच्या कटात भाग घेतला. त्याला झालेली मृत्युदंडाची शिक्षा पुढे जन्मठेपेत बदलण्यात आली. एप्रिल १९६० च्या क्रांतीनंतर तो सुटला व त्याच वर्षी संसदेवर निवडून आला.

अशा रीतीने १९२३ च्या कटातील तिन्ही प्रमुख व्यक्ती स्वातंत्र्यसैनिकांच्या अधिकृत सन्मानापासून वंचित राहिल्या : एक उत्तरेतील मंत्रिपदामुळे, दुसरा स्वदेशाच्या राष्ट्राध्यक्षाविरुद्धच्या कटामुळे, तर तिसरा त्याच्याविषयी कायम राहिलेल्या संशयामुळे. जून २०१९ मध्ये राष्ट्राध्यक्ष मून जे-इन ह्याने स्मृतिदिनाच्या भाषणात किम वॉन-बोंगच्या दलाचा गौरवपूर्वक उल्लेख केला, तेव्हा दक्षिण कोरियात मोठा वाद उद्‌भवला आणि प्रचलित नियमांनुसार त्याला सन्मान देता येत नाही, असा खुलासा सरकारला करावा लागला. सन्मानयादी ही एका अर्थी राज्यसंस्थेने लिहिलेला इतिहास असते. त्या यादीत ज्यांना स्थान मिळाले नाही, त्यांची कथा चित्रपटाने लक्षावधी लोकांसमोर मांडली, हे त्याचे सामाजिक महत्त्व होय.

कोरियन चित्रपटातील प्रतिकाराची परंपरा : परकीय सत्तेविरुद्धची भावना कोरियन चित्रपटात ना उन-ग्यू (१९०२–३७) ह्याच्या ‘आरिरांग’ (१९२६) पासून दिसते. अभ्यंतर-नियंत्रणामुळे त्यात जपान्यांचा उघड उल्लेख नव्हता. एका वेड्या तरुणाच्या कथेतून तो आशय सूचित झाला. १९४० च्या चित्रपटविषयक कायद्यानंतर कोरियन निर्मिती युद्धप्रचाराच्या दावणीला बांधली गेली. मुक्तीनंतरचा गाजलेला पहिला प्रतिकारपट ‘जायू मान्से’ (१९४६) हा होय. त्याचा दिग्दर्शक चे इन-ग्यू ह्याने त्यापूर्वी जपानच्या बाजूचे प्रचारपट काढले होते. आणि उत्तरेस गेलेल्या एका नटाची दृश्ये त्या चित्रपटातून पुढे वगळण्यात आली. निष्ठेचा प्रश्न पडद्याच्या दोन्ही बाजूंस किती गुंतागुंतीचा होता, ह्याचे हे बोलके उदाहरण आहे.

१९६० नंतरच्या दशकात मँचुरियाच्या पार्श्वभूमीवरील साहसपट लोकप्रिय झाले. इम क्वॉन-तेक ह्याचा पहिला चित्रपट (१९६२) तुमान नदी ओलांडून मँचुरियाकडे निघालेल्या विद्यार्थी क्रांतिकारकांविषयीच होता. ह्या चित्रपटांत शत्रू व मित्र ह्यांची विभागणी सरळ असे. साम्यवादविरोध हे राज्याचे अधिकृत धोरण असल्यामुळे डाव्या विचारांच्या किंवा उत्तरेस गेलेल्या क्रांतिकारकांचे सहानुभूतिपूर्वक चित्रण करणे त्या काळी शक्य नव्हते. १९८७ मधील लोकशाहीकरणानंतर ही परिस्थिती हळूहळू पालटली. चे दोंग-हून ह्याच्या ‘आमसाल’ (२०१५) ह्या चित्रपटात किम वॉन-बोंग स्वतःच्या नावानिशी अवतरला. त्यात फितूर झालेला क्रांतिकारक मुक्तीनंतर खटल्यातून निर्दोष सुटतो व अखेरीस जुन्या सहकाऱ्यांच्या हातून मारला जातो. त्या चित्रपटास एक कोटी वीस लाखांहून अधिक प्रेक्षक लाभले. ‘मिलजाँग’नंतर १९३३ मधील सोलच्या पार्श्वभूमीवरील ‘यूर्योंग’ (२०२३) व आन जुंग-गुनवरील ‘हार्बिन’ (२०२४) हे ह्याच धारेतील चित्रपट निघाले.

मूल्यमापन : ‘आमसाल’मध्ये देशभक्ताचा फितूर होतो, तर ‘मिलजाँग’मध्ये फितुराचा देशभक्त होतो. पहिल्यात न झालेल्या न्यायाची भरपाई आहे. दुसऱ्यात न मिळालेल्या उत्तराची. किम जी-वूनने आपल्या नायकाला आरंभापासून उदात्त केलेले नाही. हुद्दा, पगार व सुरक्षितता ह्यांसाठी त्याने परक्यांची नोकरी पत्करली असून आपला देश पुन्हा स्वतंत्र होईल, असे त्याला वाटत नाही. त्याचे परिवर्तन विचारांच्या अभ्यासातून होत नाही. आपल्यावर कोणीतरी विश्वास टाकला, ह्या जाणिवेने तो बदलतो. सोंग कांग-होच्या संयत अभिनयामुळे हे स्थित्यंतर विश्वसनीय झाले आहे. दिग्दर्शनातील थंड, करडी रंगसंगती व पात्रांच्या मौनाचा उपयोग हे विशेषही लक्षणीय आहेत. संघटनेच्या मार्गातील नैतिक अडचणींकडे मात्र चित्रपटाने फारसे लक्ष दिलेले नाही. शांघायच्या धक्क्यावर मारल्या गेलेल्या परदेशी स्त्रीसारखी घटना त्यात कोठेही डोकावत नाही आणि अखेरच्या स्फोटात शिक्षा होते ती केवळ दोषींनाच.

गुप्त संघटना आपली कागदपत्रे ठेवीत नाहीत आणि ठेवली तरी संकटसमयी जाळून टाकतात. त्यामुळे त्यांचा इतिहास बहुतांशी त्यांना पकडणाऱ्यांच्या दप्तरांतून लिहावा लागतो. त्या दप्तरांत दुटप्पी वागणाऱ्या माणसाला दोनच रकाने असतात : सरकारचा हस्तक किंवा सरकारचा शत्रू. ह्वांग ओक कोणत्या रकान्यात बसतो, हे ठरविणे तत्कालीन न्यायालयाला शिक्षा देऊनही साधले नाही. चित्रपटाने त्याच्यासाठी एक उत्तर निवडले. ते उत्तर एका समाजाला आपल्या भूतकाळाविषयी काय मानावेसे वाटते, ह्याची साक्ष देते. १९२३ च्या मार्चमध्ये तो सरहद्दीवरून परतला, तेव्हा त्याच्या मनात काय होते, ह्या प्रश्नाची जागा मात्र आजही मोकळीच आहे.